खबर द्यायची की नाही, ते तिला ठरवू द्या

नवऱ्याच्या मारहाणीच्या खुणा ज्या डॉक्टरला, परिचारिकेला, शिक्षिकेला किंवा आशाताईला दिसतील, त्यांनी त्या पोलिसांना कळवल्याच पाहिजेत; न कळवणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे; आणि कळवण्यापूर्वी त्या बाईची संमती घेण्याची गरज नसावी. ही मागणी आता पुन्हा पुन्हा कानावर येते. ती करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. बायका मरताना पाहून पाहून त्यांचा धीर सुटला आहे. तरीही ही मागणी मला मान्य नाही. ती कायदा झाली, तर आमच्या बेळगावच्या वडगावातल्या मार खाणाऱ्या बाईला आज जे एकच दार किलकिलं आहे तेही बंद होईल.

आधी त्यांची बाजू पूर्ण मांडतो, कारण ती कमजोर नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ४४.४ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशातला हा सर्वांत मोठा आकडा होता. त्याआधीच्या सर्वेक्षणात हाच आकडा २०.६ होता. शेजारच्या महाराष्ट्रात तो २५.२ आणि देशाचा २९.३. हिंसा सोसलेल्या देशभरच्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितली; ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. मदत मागणाऱ्या बहुतेकजणी माहेरच्यांकडे गेल्या. डॉक्टरकडे जखम दाखवायला गेलेल्या बायकांनी तिथेही तोंड उघडलं नाही. "मोरीत पाय घसरला", "जिन्यावरनं पडले", "कपाटाचा कोपरा लागला" ही उत्तरं प्रत्येक दवाखान्याला पाठ आहेत. डॉक्टर ती ऐकतो, मलम देतो आणि पुढच्या पेशंटला हाक मारतो. मग सक्ती करा, निदान त्याला कळवावं तरी लागेल, असा हा युक्तिवाद आहे.

त्याला जोड मिळते ती वंटमुरीची. ११ डिसेंबर २०२३ रोजी आमच्याच बेळगाव तालुक्यातल्या होसवंटमुरी गावात एका बाईला घरातून ओढून काढलं, विवस्त्र करून फिरवलं आणि खांबाला बांधलं. मुलगा एका मुलीबरोबर पळून गेला, एवढाच तिचा 'गुन्हा'. गाव पाहत राहिलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने बघ्यांवर कठोर ताशेरे ओढले आणि इंग्रज आमदानीत गावावर बसवल्या जाणाऱ्या सामुदायिक दंडाची आठवण काढली. तेव्हापासून सक्तीवाले विचारतात: बघ्याला दंड हवा, तर जखम बघणाऱ्या डॉक्टरला का नको?

या प्रश्नाचं उत्तर वंटमुरीतच आहे. तिथे ती बाई उघड्यावर होती, तिची इच्छा काय आहे हे विचारायची गरज नव्हती, आणि तिला त्या क्षणी सोडवणं बघ्यांच्या हातात होतं. तपासणीच्या खोलीत बसलेली बाई अशी खांबाला बांधलेली नसते. ती बोलू शकते, हिशोब करू शकते, आणि घरात रात्री काय होईल हे तिथल्या प्रत्येकापेक्षा तिला अधिक कळतं. जिला वाचवायचं तिलाच न विचारता तिच्या वतीने ठाण्यात जाणं, याला मी धैर्य म्हणणार नाही.

वाद नेमका कुठे आहे तेही स्पष्ट करू. भाजलेली, विष पोटात गेलेली, वार झालेली, हाड मोडलेली बाई आली तर डॉक्टरने वैद्यकीय-न्यायिक नोंद, म्हणजे आपण ज्याला एमएलसी म्हणतो ती करायची आणि पोलिसांना कळवायचं, ही पद्धत आहेच. बलात्कार किंवा अॅसिडहल्ल्याच्या बाबतीत विनामूल्य उपचार आणि ताबडतोब पोलिसांना खबर हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ने बंधनकारक केलं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची खबर न देणं हा पॉक्सोखाली गुन्हा आहे. यातलं काहीही काढून टाका असं मी म्हणत नाही. वाद उरतो तो सज्ञान बाईचा, जिच्या दंडावर वळ आहेत, ओठ फुटला आहे, आणि जी म्हणते, "पोलिसात नको."

आता कल्पना करा की सक्ती आली. दुपारी डॉक्टरने कळवलं. संध्याकाळी काय होईल?

नवऱ्याच्या क्रौर्याचा गुन्हा, पूर्वीचं कलम ४९८अ आणि आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, दखलपात्र आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या अर्नेश कुमार निकालानंतर सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत आपोआप अटक होत नाही. हजर राहण्याची नोटीस दिली जाते. अटकेच्या गैरवापराला लगाम म्हणून तो निकाल आला आणि त्याचं कारण मी समजू शकतो. परंतु परिणाम काय? नवऱ्याला ठाण्यात बोलावलं जातं, समज दिली जाते, "आपापसात मिटवून घ्या" असं सांगितलं जातं आणि रात्री तो त्याच घरी परततो. फरक एवढाच की आता त्याला माहीत असतं की बायको दवाखान्यात काहीतरी बोलली. ती बोललीच नव्हती, डॉक्टरने परस्पर कळवलं, हे तो मानणार नाही. खबर देणारा डॉक्टर रात्री स्वतःच्या घरी झोपलेला असतो.

आणि ते घर कसं असतं, तेही पाहा. वडगावात, खासबागेत, शहापुरात पुढच्या सोप्यात माग आणि मागे चूल अशी किती घरं आहेत. माग नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. कांड्या भरण्याचं काम बाईचं, आणि त्याची वेगळी मजुरी तिच्या हातात क्वचितच पडते. घर सोडलं की निवारा आणि रोजगार दोन्ही एकाच दिवशी जातात. मागाचा खडखडाट सुरू असला की शेजारच्या भिंतीपलीकडचं ओरडणंही ऐकू येत नाही. अशा बाईने घर सोडायचं तर आधी तिला चार गोष्टी जुळवाव्या लागतात: मुलांची शाळा, माहेरचा होकार, थोडे पैसे, कागदपत्रं. हे जुळवायला तिला वेळ लागतो आणि तो वेळ तिचा आहे. बाई घर सोडायला निघते किंवा बाहेर तक्रार गेल्याचं नवऱ्याला कळतं, तो काळ तिच्या जिवाला सर्वांत धोक्याचा असतो. या क्षेत्रात काम करणारा प्रत्येकजण हे जाणतो. सक्तीची खबर त्या काळाची तारीख तिच्याऐवजी दुसऱ्याच कुणाकडून ठरवून घेते.

याहून मोठं नुकसान पुढच्या खेपेला होतं. ती येतच नाही. एका बाईच्या बाबतीत पोलीस घरी आले, ही बातमी गल्लीत पसरायला एक दिवस पुरतो. मग नवराच तिला दवाखान्यात जाऊ देत नाही, सासू म्हणते हळद लाव. गरोदर बाई तपासणी चुकवते. आशाताईला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, आणि तिच्याबरोबर लसीकरण, गोळ्या, वजनकाटा सगळंच उंबऱ्याबाहेर राहतं. जी माणसं घरात पाऊल ठेवू शकतात ती सगळी पोलिसांची खबरी ठरली की त्या घरात पाऊल ठेवणारं कुणी उरत नाही.

हे नुसतं भाकीत नाही. पॉक्सोतल्या सक्तीचा अनुभव आपल्याकडे आहे. मुलांसाठी ती हवीच, कारण लहान मूल स्वतःचं हित ठरवू शकत नाही. तरीसुद्धा गरोदर राहिलेल्या मुली त्या सक्तीच्या धाकाने सुरक्षित गर्भपातासाठी दवाखान्यात यायला घाबरू लागल्या. अखेर २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने खबर देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. मुलांच्या बाबतीतही जिथे सक्ती सैल करावी लागली, तिथे ती सज्ञान बाईवर नव्याने लादायची? जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्ये जोडीदाराच्या हिंसेबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. आरोग्यसेवकांनी पोलिसांना सक्तीने कळवण्याची शिफारस त्यांत केलेली नाही. बाईची इच्छा असेल तर कळवण्याची तयारी दाखवावी, असं त्या सांगतात.

यावर सर्वांत जड आक्षेप येतो तो जळीत वॉर्डातून. "तुम्ही तिची इच्छा, तिची इच्छा म्हणत बसा, एक दिवस ती स्टोव्हच्या भडक्याने जळून येईल आणि मृत्युपूर्व जबाबातही 'अपघात' म्हणेल." या आक्षेपापुढे मी मान खाली घालतो, पण माघार घेत नाही. अशा अनेक मृत्यूंआधी बाई कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात गेलेली असते. तेव्हा पोलिसांना कळवलं नाही, ही तिथली चूक नव्हे. तेव्हा तिला कुणी विचारलंच नाही आणि काही लिहून ठेवलं नाही, ही चूक आहे. केसपेपरवर 'पडल्याने इजा' एवढंच लिहिलं गेलं. १९८२मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेच्या मृत्यूने महाराष्ट्र हादरला होता. तिच्या मनःस्थितीचा पुरावा म्हणून न्यायालयापुढे मुख्यतः तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं होती. १९८४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीची निर्दोष मुक्तता केली. त्या निकालाचा निवाडा मी इथे करणार नाही. पण सासरी होणाऱ्या जाचाची हकीगत बाई पत्रांतून बहिणीला सांगते आणि कुठल्याही अधिकृत कागदावर त्याची रेघही उमटत नाही, ही स्थिती चाळीस वर्षांनंतरही बदललेली नाही. सक्तीच्या खबरीने ती बदलणार नाही. जखमेची वेळच्या वेळी केलेली, मोजमापासह केलेली, "नवऱ्याने मारल्याचे रुग्णाने सांगितले" असं स्पष्ट लिहिलेली नोंद ती बदलू शकते.

आणि जीव खरोखर धोक्यात असेल तर? नवऱ्याने गळा दाबला आहे का, हत्यार दाखवलं आहे का, मारून टाकीन म्हणाला आहे का, मारहाण वाढते आहे का, ती गरोदर आहे का, हे विचारलं तर धोका कळतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेने एखाद्या व्यक्तीला गंभीर आणि निश्चित धोका असेल तर गुप्तता मोडण्याची मुभा डॉक्टरला दिलेली आहे. म्हणजे अपवादाची वाट मोकळी आहे. त्या अपवादाचा नियम करू नये, एवढंच माझं म्हणणं.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिथली माणसं माझा युक्तिवाद उचलून स्वतःची ढाल करतील. "बरोबर आहे, नवराबायकोच्या भानगडीत आम्ही पडत नाही." हे म्हणणाऱ्या डॉक्टरला, मुख्याध्यापकाला आणि वकिलाला मी सक्तीवाल्यांपेक्षा अधिक दोषी मानतो. पोलिसांना कळवण्याची सक्ती नको, याचा अर्थ कर्तव्यच नाही असा होत नाही. कर्तव्य आहे, आणि ते कायद्यात लिहिलेलं आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण अधिनियम २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. नवी सक्ती मागणाऱ्यांनी आणि अंग चोरणाऱ्यांनी, दोघांनीही तो वाचावा. त्याचं कलम ४ सांगतं की हिंसा झाली आहे किंवा होण्याचा संभव आहे असं सकारण वाटणारी कुणीही व्यक्ती या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. "उद्या माझ्यावरच केस झाली तर" ही सबब इथेच संपते. कलम ७प्रमाणे वैद्यकीय मदत मागितली तर दवाखान्याने ती दिलीच पाहिजे. २००६च्या नियमांतला नियम १७ म्हणतो की आधी हिंसेचा अहवाल झालेला नाही म्हणून उपचार नाकारता येणार नाहीत. अहवाल नसेल तर दवाखान्याच्या प्रमुखाने नमुना १ भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. आणि तपासणी अहवालाची प्रत बाईला विनामूल्य द्यायची. बेळगाव जिल्ह्यातल्या किती दवाखान्यांत हा नमुना १ टेबलाच्या खणात तरी आहे, हे प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरला विचारून पाहावं.

या कायद्याची वाट पोलीस ठाण्याच्या वाटेहून वेगळी आहे. अहवालाची प्रत ठाण्यात जाते, पण तेवढ्याने नवऱ्यावर गुन्हा नोंदला जात नाही. बाई दंडाधिकाऱ्याकडे संरक्षणाचा आदेश मागू शकते, राहत्या घरातून न हाकलण्याचा आदेश मागू शकते, पोटगी आणि मुलांचा ताबा मागू शकते. पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आत लागावी, असं कलम १२ सांगतं. संरक्षणाचा आदेश मोडला तर तिथे फौजदारी गुन्हा होतो. आणि सेवाभावी संस्थेने अहवाल नोंदवायचा तो बाईची तशी इच्छा असेल तरच, असं कलम १० स्पष्ट म्हणतं. संसदेने तिच्या इच्छेला जागा दिली आहे. आपण ती काढून घ्यायला निघालो आहोत.

हे कागदावरचं स्वप्न नाही, याचा दाखला मुंबईत आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि सेहत ही संस्था यांनी मिळून २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू केलं. तिथे परिचारिकांना आणि डॉक्टरांना विचारायला शिकवलं गेलं: खुणा दिसल्या की आडोशाला, नवरा नि सासू ऐकणार नाहीत अशा जागी, सरळ प्रश्न. मग समुपदेशक, नोंद, सुरक्षिततेची आखणी, हवी असल्यास पोलीस आणि वकील. हा नमुना नंतर मुंबईच्या इतर पालिका रुग्णालयांत नेला गेला. बायका तिथे येतात त्या विश्वासाने, आणि तो विश्वास धाकाने कमावता आला नसता.

आमच्या सीमाभागाला यात दोन गोष्टी जास्त लागतात. पहिली भाषा. ठाण्यात जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. मराठीत बोललेली बाई त्याखाली सही करते आणि आपण कशावर सही केली हे तिला वाचता येत नाही. सक्तीच्या खबरीमुळे असे न वाचलेले जबाब वाढतील. पण राज्यघटनेचं कलम ३५० प्रत्येकाला आपलं गाऱ्हाणं केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे मांडण्याचा हक्क देतं. वडगावच्या बाईने संरक्षण अधिकाऱ्याला मराठीत अर्ज दिला तर तो परत करण्याचा अधिकार कुणालाही नाही. तो मराठीत लिहून देणं हे इथल्या प्रत्येक शिक्षिकेचं, प्रत्येक वकिलाचं काम आहे.

दुसरी गोष्ट सीमारेषा. वडगावच्या सुनेचं माहेर चंदगडला असतं, निपाणीच्या सुनेचं कागलला. बाई माहेरी गेली की तिला सांगितलं जातं, "तुमची केस कर्नाटकातली." हे चूक आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७नुसार ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते आणि तो आदेश देशभर लागू होतो. क्रौर्याची फौजदारी तक्रारही आश्रय घेतलेल्या ठिकाणी करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०१९ रोजी रूपाली देवी प्रकरणात सांगितलं आहे. ही एवढी माहिती वेळेवर मिळाली तर चंदगडची बाई बेळगावच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार नाही.

सक्तीचा कायदा सरकारला स्वस्तात पडतो, हेही सांगायला हवं. एक कलम छापलं की काम झालं. दोषी कोण, तर न कळवणारी परिचारिका. खर्चाची बाब दुसरीकडे आहे. तालुक्यातलं संरक्षण अधिकाऱ्याचं काम अनेक ठिकाणी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यावर जादा भार म्हणून टाकलेलं आहे. अंगणवाड्या सांभाळून त्याने बायकांना कोर्टात न्यायचं. कायदा लागू होऊन अठरा वर्षं उलटल्यावर, २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना आदेश द्यावा लागला की तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी सहा आठवड्यांत नेमा. अठरा वर्षं अनेक तालुक्यांत अधिकारी नाही, आणि शिक्षा मात्र डॉक्टरला? मागणी करायचीच तर प्रत्येक तालुक्याला पूर्णवेळ संरक्षण अधिकारी मागा. जिल्हा रुग्णालयात आणि प्रत्येक मोठ्या खासगी रुग्णालयात प्रशिक्षित समुपदेशक मागा. नमुना १ मराठीतही छापून मागा. दंडाधिकाऱ्याने संरक्षण आदेशात सांगितलेलं कर्तव्य टाळणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंतची कैद किंवा वीस हजारांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कलम ३३मध्ये आहे. ते कलम एकदा तरी वापरा.

वडगाव, शहापूर, निपाणीतल्या डॉक्टरांना, परिचारिकांना, शिक्षकांना, वकिलांना आणि आशाताईंना माझी विनंती आहे. उद्या एखादी बाई "मोरीत पडले" म्हणाली तर तिच्याबरोबर आलेल्यांना बाहेर बसवा आणि तिला विचारा. ती बोलली तर विश्वास ठेवा. जखम मोजा, तिचे शब्द तिच्याच शब्दांत लिहा, नोंद जपून ठेवा. प्रत घरी नेणं तिला धोक्याचं असेल तर तुमच्याकडे राहू द्या. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर सांगा, सखी (वन स्टॉप) केंद्राचा पत्ता सांगा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो हे सांगा. ती गप्प राहिली तर पुन्हा यायला सांगा आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारा. पोलिसात जायचं म्हणाली तर तिच्याबरोबर जा. नको म्हणाली तर तो तिचा निर्णय आहे आणि त्या निर्णयासकट तुमचं कर्तव्य चालू राहतं. हे सगळं करायला नवा कायदा लागत नाही. उद्यापासून करा.